‘तुम्ही विचारलंच नाहीत’

(खडकवासला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला अंदाजपत्रकावर बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर मी पस्तीस वर्षे बोलत आलो आहे आणि माझ्या बोलण्याने अंदाजपत्रकात एका रुपयाचाही फरक पडलेला नाही. म्हणून त्यांची परवानगी काढून आज एका लहान दिसणाऱ्या विषयाकडे वळतो. विषय खोट्या प्रशंसापत्रांचा आहे; आणि ती प्रशंसापत्रे ज्या धंद्याला चिकटलेली आहेत तो धंदा दुसऱ्याला विकताना विकणाऱ्याने काय काय उघड केले पाहिजे, याचा आहे.

नांदेड फाटा ओलांडून आपण इकडे येऊ लागलो की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलकांची रांग लागते. शेतघर, तलावाकाठी निवास, चुलीवरचे जेवण, हुरडा. पूर्वी पुण्याचा माणूस फलक पाहून आत डोकावत असे आणि आवडले तर राहत असे. आता तो घरबसल्या मोबाइलवर पाहतो, आणि फलकापेक्षा त्याखालच्या चांदण्या मोजतो. किती चांदण्या, किती लोकांनी दिल्या, काय लिहिले, यावरून त्याचे पैसे कोणाकडे जाणार ते ठरते. धरणाच्या चौपाटीवर भजी तळणाऱ्याला प्रशंसापत्र लागत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते, कढई दिसते, वास येतो. जिथे वस्तू आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये अंतर पडते, तिथेच तिसऱ्याच्या साक्षीची गरज निर्माण होते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्याची इच्छा नाही. चिंचवडच्या एका कारखान्यातील नोकरी गेल्यावर हाती आलेली रक्कम आणि वडिलांच्या उपदानातील काही पैसे मिळून साडेसहा लाख रुपयांना त्याने एक संकेतस्थळ विकत घेतले. खडकवासला, पानशेत, मुळशी या भागांतील राहण्याच्या जागांची आगाऊ नोंदणी त्यावर होत असे व प्रत्येक नोंदणीमागे अडत मिळे. ‘चालू स्थितीतील धंदा विकणे आहे’ अशी जाहिरात होती. संकेतस्थळावर २१२ ग्राहकांचे अभिप्राय होते, बहुतेक सर्व पंचतारांकित. त्या २१२ माणसांच्या भरवशावर त्याने पैसे मोजले.

ताबा घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात त्याच्या बायकोने ते अभिप्राय सलग वाचावयास घेतले. नागपूरच्या गृहस्थांनी ‘स्वच्छ’ हा शब्द जसा चुकीचा लिहिला होता, तसाच कोल्हापूरच्या शिक्षिकाबाईंनीही लिहिला होता, आणि सोलापूरच्या तरुणानेही. ज्या घरातून तळ्याचे दर्शनच होत नाही, त्याच्या गच्चीवरून दिसणाऱ्या तळ्यातील सूर्यास्ताचे वर्णन तिघांनी केले होते. साताऱ्याच्या म्हणून छायाचित्रासह झळकणाऱ्या डॉक्टरीणबाई परदेशातील दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत सापडल्या. थोडक्यात, साडेसहा लाखांत त्याला एक नाव मिळाले होते आणि ते नाव कोणीतरी खोलीत बसून लिहून काढलेले होते.

त्याने विकणाऱ्याला दूरध्वनी केला. तो गृहस्थ चिडला नाही, की त्याने नाकबूलही केले नाही. शांतपणे म्हणाला, “तुम्ही विचारलंच नाहीत.”

या तीन शब्दांवर मला आज बोलावयाचे आहे.

आपल्याकडे चालते दुकान विकताना तीन गोष्टींचा भाव होतो : जागा, माल आणि नाव. पेठेतले दुकान घेणारा माणूस आठ-पंधरा दिवस गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसे. गिऱ्हाईक किती येते, उधारीचे किती आणि रोखीचे किती, ते पाही, रोजमेळ चाळी, समोरच्या दुकानदाराला चहा पाजून दोन गोष्टी काढून घेई. संकेतस्थळाच्या व्यवहारात जागा नाही आणि मालही नाही. जे विकले जाते ते जवळजवळ सगळे नावच असते. आणि हे नाव पारखण्यासाठी स्टूल टाकावयास गल्लाही नसतो. विक्रेता जे आकडे दाखवील ते, आणि ग्राहक जे लिहून गेले असे तो म्हणेल ते.

हे नाव वस्तुतः कोणाच्या श्रमातून तयार होते? ग्राहकाच्या. एखादी गृहिणी कोठे राहून आली, पाणी गरम मिळाले की नाही, मालक उद्धट होता की अगत्यशील, हे ती पाच मिनिटे खर्चून लिहिते. तिला त्याचे कोणी पैसे देत नाही. पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाला उपयोग व्हावा एवढाच तिचा हेतू असतो. शेजारधर्माचाच हा विस्तार आहे. १९७४ साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तिचा पायाही ग्राहकाने ग्राहकाला खरे सांगावे हाच होता. अशा हजारो बिनमोल साक्षींतून जो विश्वास तयार होतो, त्याची किंमत मात्र धंद्याचा मालक विक्रीच्या वेळी खिशात घालतो. त्यातही साक्षी खोट्या असतील, तर तो अशा विश्वासाची किंमत वसूल करतो, जो कधी निर्माणच झाला नव्हता.

अर्थशास्त्रात याविषयी एक प्रसिद्ध निबंध आहे. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर तो लिहिला, आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. म्हणणे साधे आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सर्वच गाड्यांना मधला भाव देऊ लागतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून उठून जातात आणि वाईटच मागे उरतात. त्या निबंधात आपल्या देशाचाही एक दाखला आहे : भारतीय गृहिणीला बाजारातून आणलेल्या तांदळातून खडे वेचावे लागतात, आणि ते खडे तांदळाच्याच रंगाचे व आकाराचे शोधून मुद्दाम मिसळलेले असतात. आमच्या आईने आयुष्यभर हे काम केले. त्याला अर्थशास्त्रात स्थान आहे हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. अप्रामाणिकपणाची खरी किंमत फसलेल्या माणसाच्या नुकसानीवर संपत नाही, प्रामाणिक व्यापारी बाजारातून हाकलला जातो हे त्याहून मोठे नुकसान होय, असे अ‍ॅकरलॉफ सांगतो. खरे ग्राहक, खरे अभिप्राय आणि त्यांत दोनचार तक्रारीही असलेले संकेतस्थळ विकावयास काढा. शेजारच्या २१२ पंचतारांकितांपुढे त्याला कोण विचारील?

हे अभिप्राय लिहितो कोण, हाही प्रश्न आहे. काही ठिकाणी ठरावीक दराने लिहून देणारे व्यावसायिक आहेत. अलीकडे ते काम यंत्रेही करतात, आणि यंत्र ‘स्वच्छ’ चुकीचे लिहीत नाही. पण याच्या तळाशी असलेला थर अधिक दुःखद आहे. घरबसल्या काम, हॉटेलांना पाच चांदण्या द्या, प्रत्येक वेळी दीडदोनशे रुपये घ्या, असे संदेश आपल्यापैकी अनेकांना आले असतील. पहिले पैसे खरोखर मिळतात. मग ‘मोठे काम’ देण्यापूर्वी अनामत मागितली जाते, मग आणखी, आणि अखेरीस लाखो रुपये जातात. पुण्यात अशा फसवणुकीचे गुन्हे गेल्या काही वर्षांत सतत नोंदले गेले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा कामांच्या आमिषाने व गुंतवणुकीच्या नावाने लुबाडणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘पैसे घेऊन खोटी शिफारस करणे’ ही एक सर्वसामान्य नोकरी आहे, असे आपल्या शिकलेल्या, बेकार तरुणांना सहज पटते. ते पटते म्हणूनच हे जाळे टाकता येते.

आता कायद्याकडे येऊ. मी वकील नाही, परंतु तीन कायदे शेजारी ठेवून वाचावयास वकील व्हावे लागत नाही.

आपला कराराचा कायदा १८७२ चा आहे. त्याचे सतरावे कलम म्हणते, नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. बोलण्याचे कर्तव्यच असेल किंवा मौन हेच बोलण्यासारखे असेल, तेव्हा मात्र ते कपट ठरते. उदाहरण घोड्याचे दिले आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही मालकाने लिलावात अवाक्षर काढले नाही, तर ते कपट नाही. घेणारी त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य आहे. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धड आहे असे समजेन, तर मग गप्प राहणेही कपट. यात भर म्हणून एकोणिसावे कलम सांगते की साधारण दक्षतेने सत्य शोधून काढण्याचे साधन तुमच्या हाती असेल, तर अशा मौनाच्या नावाने करार मोडता येणार नाही. ‘तुम्ही विचारलंच नाहीत’ हे वाक्य या घोड्यावर बसून आले आहे.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८२ साली, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे घर किंवा जमीन विकणाऱ्याने स्वतःला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजीने न कळणारा महत्त्वाचा दोष आपण होऊन सांगितला पाहिजे. न सांगणे हे कपटच मानले जाते. म्हणजे या रस्त्यावरचे शेतघर कोणी मला विकले, तर त्याच्या मालकीहक्कातील खोट विक्रेत्याने मला न विचारता सांगावयाची. परंतु त्याच शेतघराच्या नोंदणीचे संकेतस्थळ विकले, तर त्याच्या नावलौकिकातील खोट मी विचारून काढावयाची! जमिनीचा व्यवहार ज्या वर्गात होत असे त्याने आपल्यापुरते संरक्षण करून घेतले, घोडा घेणाऱ्याला नशिबावर सोडले, असे कोणी म्हटले तर मी फार वाद घालणार नाही.

माझे एक वकील स्नेही म्हणतात की खोटा अभिप्राय म्हणजे मौन नव्हेच, ते उघड असत्य कथन आहे आणि म्हणून कपटाच्या व्याख्येत सरळ बसते. त्यांचे म्हणणे मला पटते. पण विक्रेत्याचा बचावही ऐका : ते अभिप्राय गिऱ्हाइकांसाठी होते, तुमच्यासाठी नव्हते; ते खरे आहेत असे मी तुम्हांला कधी म्हणालो? दिवाणी न्यायालयात हा युक्तिवाद टिकेल की नाही हे कळावयास किती वर्षे लागतील, आणि साडेसहा लाख घालवून बसलेला माणूस तोवर काय खाईल, याचे उत्तर कलमांत नाही.

मौन तटस्थ असते अशी आपली एक समजूत आहे. या गावात उभे राहून ती बाळगणे अवघड आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले. मी तेव्हा पाळण्यात होतो. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरेपर्यंत असंख्य लोकांना धोक्याची सूचना मिळाली नव्हती, हे वडील पुढे कितीतरी वर्षे सांगत. धरणाला काय झाले आहे हे पेठेतल्या माणसाने कोणाला जाऊन विचारावयाचे होते? दोन्ही गोष्टींची तुलना मी करीत नाही. एकीत माणसे गेली. पण ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावयाचे की ज्याला ठाऊक नाही त्याने विचारावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

ग्राहकांच्या कायद्याने गेल्या चार दशकांत पुष्कळ वाटचाल केली, हे मान्य केले पाहिजे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा आला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला उत्पादकावर आणि शिफारस करणाऱ्यावर दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड बसविता येतो. २०२० च्या ई-व्यापाराच्या नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस करणाऱ्याचे विक्रेत्याशी काही लागेबांधे असतील तर ते उघड केले पाहिजेत. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने अभिप्रायांसाठी एक मानकही काढले. मात्र ते ऐच्छिक ठेवले. चोराने ऐच्छिकपणे कुलूप लावावे, तसेच हे.

पण जिथे नेट धरला तिथे परिणाम दिसतो. सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्यावर स्पर्धापरीक्षांची मुले कशी राहतात हे आपण जाणता. भिंतीभिंतींवर यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे, आणि ती पाहून गावाकडची जमीन गहाण टाकून भरलेली शुल्के. छायाचित्रातील मुलगा खराच असतो, यशही खरे असते. पण तो वर्षभराच्या वर्गाला नव्हता, मुलाखतीच्या मोफत मार्गदर्शनाला दोन दिवस आला होता, एवढेच छापलेले नसते. देशभरातील अशा प्रकारांवर प्राधिकरणाने कारवाई केली आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत अठरा संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपये दंड केला. त्याच महिन्यात शिकवणी वर्गांसाठी सूचना निघाल्या : उमेदवाराची लेखी संमती त्याच्या निवडीनंतर घ्या, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम, किती दिवसांचा, पैसे भरून की मोफत घेतला हे छायाचित्राबरोबर छापा. न विचारता सांगा, हेच तत्त्व इथे सरकारने मान्य केले आहे.

मग उणीव कोठे राहिली? हे सगळे कायदे पहिल्या फसवणुकीकडे पाहतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या. धंदा विकताना होणारी दुसरी फसवणूक त्यांच्या दृष्टिक्षेपात येत नाही. माझा विद्यार्थी ग्राहक आयोगाकडे गेला तर प्रथम त्याला विचारतील, तू ग्राहक आहेस काय? व्यापारी हेतूने घेणारा ग्राहक नव्हे, असे कायदा म्हणतो. स्वतःच्या कष्टाने उदरनिर्वाह करण्यासाठी घेणारा मात्र ग्राहक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ऑटोरिक्षाचे उदाहरण देऊन हा भेद स्पष्ट केला होता : स्वतः चालविणारा ग्राहक, चालविण्यासाठीच दुसऱ्याला ठेवणारा नव्हे. तेव्हा याला दार थोडे किलकिले आहे. पण रिक्षाचे चाक दाखविता येते. नावलौकिक ही ‘वस्तू’ आहे काय, इथून वादाला सुरुवात होणार.

आणि गंमत पाहा. ताबा घेतल्या क्षणापासून ते २१२ अभिप्राय त्याचे झाले. उद्या एखाद्या प्रवाशाने तक्रार केली तर उत्तर त्यालाच द्यावे लागेल. विकणारा पैसे घेऊन मोकळा, आणि फसलेला माणूस फसविणाऱ्याच्या जागी उभा. दोनच वाटा उरतात. खोटे तसेच ठेवावे आणि संधी साधून तिसऱ्याला विकावे; किंवा ते काढून टाकावे आणि साडेसहा लाखांचे नाव शून्यावर आणावे. आपली व्यवस्था त्याला पहिल्या वाटेचे बक्षीस आणि दुसऱ्या वाटेचा दंड देते.

अमेरिकेचे उदाहरण मी सहसा देत नाही, परंतु भांडवलदारांच्या त्या माहेरघरातही व्यापाराच्या या शाखेला मोकळे सोडलेले नाही. २०२४ साली तेथील संघीय व्यापार आयोगाने खोटे अभिप्राय लिहिणे, विकणे आणि विकत घेणे यांवर नियमानेच बंदी घातली. त्याआधी २०१२ पासून त्यांचा दुसरा एक नियम अमलात आहे. धंद्याची संधी विकणाऱ्या काही प्रकारच्या विक्रेत्यांनी सही किंवा पैसे घेण्यापूर्वी किमान सात दिवस आधी एक पानी निवेदन द्यावयाचे : मी कोण, माझ्यावर कोणते दावे झाले, मिळकतीविषयी मी काही दावा करतो काय, पैसे परत मिळतील काय, आणि आधी ज्यांनी घेतले त्यांची नावे व दूरध्वनी. त्या यादीत आपलीच माणसे खरे खरेदीदार म्हणून घुसविण्यासही बंदी आहे. बाजारात औषध विकणाऱ्याचा साथीदार गर्दीतून “मला गुण आला” म्हणून ओरडतो ना, त्याचा बंदोबस्त. आपल्याकडे मुखत्यारीने चालणाऱ्या शाखांच्या धंद्यालाही, ज्याला फ्रँचायझी म्हणतात, स्वतंत्र कायदा नाही.

माझी मागणी एवढीच आहे की असे एक पान आपल्याकडेही असावे आणि ते विचारण्याची वाट न पाहता दिले जावे. अभिप्राय कोणी लिहिले, त्यांतील किती प्रत्यक्ष नोंदणीशी जुळतात, पैसे किंवा सवलत देऊन किती मिळविले, तक्रारींचे अभिप्राय काढून टाकले काय. चार प्रश्न, विक्रेत्याची सही, आणि उत्तर खोटे निघाल्यास पैसे परत. यावर आक्षेप येईल की लहान दुकानदाराच्या मागे आणखी एक कागद लागला. कागदांचा जाच मला ठाऊक आहे. निवृत्तिवेतनासाठी मी अकरा महिने हेलपाटे घातले आहेत. पण चौकशी करण्याचा खर्च आज कोणावर पडतो ते पाहा. मोठी कंपनी एखादा धंदा घेते तेव्हा तिचे हिशेबतपासनीस आणि वकील महिनाभर कागद उलगडतात. नोकरी गेलेल्या कामगाराजवळ वकीलही नाही आणि महिनाही नाही. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, त्याला ते लिहावयास दहा मिनिटे लागतात.

आणि कायदा होईपर्यंत? आपल्या ओळखीतील कोणी असा धंदा घेत असेल तर त्याला सांगा, एक साधे पत्र लिही : ‘आपण लेखी नाकारले नाहीत, तर हे सर्व अभिप्राय खऱ्या ग्राहकांचे आहेत असे मी समजेन.’ घोड्याच्या उदाहरणातील तिसरी युक्ती तीच आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने गरिबाच्या हाती दिलेले एक वाक्य आहे, ते तरी वापरू या.

माझ्या विद्यार्थ्याने दुसरी वाट धरली. त्याने २१२ अभिप्राय एका रात्रीत पुसले आणि त्या जागी लिहिले की पूर्वीचे अभिप्राय विश्वासार्ह नसल्याचे आढळल्याने काढले आहेत. पहिले तीन महिने नोंदणी जवळजवळ थांबली. घरी भांडणे झाली, त्यांत मलाही बोल लागला, कारण मी त्याला तसाच सल्ला दिला होता. गेल्या आठवड्यात तो भेटला तेव्हा संकेतस्थळावर चौदा अभिप्राय होते. त्यांतील एकात डासांची तक्रार आहे, आणि एका गृहस्थांनी पिठल्यात मीठ जास्त होते असे लिहिले आहे. विक्रेत्याकडून पैसे अद्याप मिळालेले नाहीत. नोटिशीला उत्तर आले आहे, त्यात तेच तीन शब्द थोड्या अधिक कायदेशीर भाषेत लिहिलेले आहेत.